यादी दारावर लावू नकोस

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुला नारळ मिळाल्याची बातमी मला शेजारच्या दातांच्या डॉक्टरने जिन्यात दिली. मी हाताने वाढवलेला भाऊ, देशातल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल क्लबाचा कोच, आणि त्याची नोकरी गेली हे मला दात उपटणाऱ्याकडून कळावं? फोन लावला तर बंद. म्हणून कागद घेतला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, चुका काढत बसू नकोस.

दोन वर्षांपूर्वी कप उचललास तेव्हा तू शहाणा होतास असं नाही, आणि आज गाढव झालास असंही नाही. नोकऱ्या जातात. पण मी टीव्हीवर सगळ्या मॅच बघितल्या. सलग नऊ मॅच जिंकला नाहीत, त्याचं मला काही नाही. तुझी पोरं पळतच नव्हती. चेंडू शेजारून गेला तरी पाहुण्यासारखी बघत उभी. माणसं अशी उगाच वागत नाहीत. तू काय केलंस ते लिही. पेपरवाल्यांना सांगितलंस ते नको, मी वाचलंय.

दाढी कर. पडदे उघड. जेवतोस ना?

माया आहे तेवढी आहे, वाढवायची का ते तुझ्या उत्तरावर.

तुझी ताई

—

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाढी केली. पडदे अर्धे उघडलेत, समोर अजून एक फोटोवाला बसतो.

तू विचारलंस म्हणून लिहितो, पण माझी चूक कमी आहे. तीन चांगली पोरं जायबंदी झाली. मालक मंडळींनी नवा गोलकीपर देतो म्हणून सांगितलं आणि दिला नाही. मग पराभव सुरू झाले की सुरूच राहतात.

एक गोष्ट आहे, पण ती मोठी नाही. आमचा कप्तान, बचावातला, वय छत्तीस. पायात पहिला वेग राहिला नव्हता. डिसेंबरात त्याला काढलं. मी नेहमी करतो तसंच केलं. मॅचच्या आदल्या दिवशी अकरा जणांची यादी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर लावतो, ज्याचं नाव नाही त्याने समजून घ्यायचं. त्याला ते तिथेच, सगळ्यांसमोर कळलं. बूट उचलले आणि गेला. जानेवारीत क्लबच सोडला. सगळे कोच असंच करतात ताई, हा धंदाच असा आहे.

दुसऱ्या लीगमधल्या एका क्लबाने बोलावलंय. तळाला आहेत, दहा मॅच उरल्यात, हरले तर आणखी खाली. मित्र म्हणतात थांब, मोठं काहीतरी येईल. शिवाय तो कप्तान आता तिथेच खेळतो. कुठल्या तोंडाने जाऊ?

रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझा धाकटा

—

१८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मोठी नाही म्हणून जी गोष्ट लिहिलीस तीच गोष्ट. बाकीचं सगळं भूसकट.

आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गणवेशांचा शिवणकारखाना पंचवीस वर्षं सांभाळला हे तुला ठाऊक आहे. आमच्यात एक कॉलरवाली होती. तिच्यासारखी कॉलर कुणी बसवत नसे. पुढे तिची नजर गेली, टाके वाकडे यायला लागले. तिला बटणांवर बसवायचं होतं. मला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून दुसऱ्या बाईकडून निरोप धाडला. तिने सुई गादीत टोचली, कापडाची घडी घातली, मशीनवर खोळ चढवली आणि गेली. पंधरा दिवसांत आणखी चौघी गेल्या. हात चालवणाऱ्या उरल्या त्याही नुसत्या हात चालवत होत्या. ती रस्त्यात दिसली की आजही मीच दुसऱ्या बाजूला जाते.

त्यानंतर मशीनवरून कुणाला उठवायचं झालं तर मी स्वतः जाऊन शेजारी उभी राहिले. शिव्याही खाल्ल्या. पण काम थांबलं नाही.

तेव्हा ती नोकरी घे. मोठं काहीतरी येईल म्हणणाऱ्या मित्रांना विचार, तोवर ते तुला जेवायला घालणार का. आणि पहिल्यांदा त्या कप्तानाच्या घरी जा. फुलं नेऊ नकोस, भाषण पाठ करू नकोस. काय केलं ते सांग आणि गप्प बस. तोंड कुठलं म्हणतोस? आहे तेच ने, दुसरं कुठून आणणार?

माया तशीच, पण डोळे वटारून.

ताई

—

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नोकरी घेतली. मैदानाची एक कड उतरती आहे. कपडे बदलायच्या खोलीला एकच खिडकी, तीही उघडत नाही. माझ्या टेबलाचा चौथा पाय म्हणजे जुन्या फळीचा तुकडा. गवत कापणारे गृहस्थ मला रोज विचारतात, अजून आहात का?

त्याच्या घरी गेलो. तो फाटकाला रंग देत होता. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. थोड्या वेळाने दुसरा ब्रश पुढे केला. एक बाजू त्याने रंगवली, एक मी. मी सांगितलं की तोंडावर सांगायला घाबरलो, म्हणून कागद लावला. तो ब्रश फिरवत राहिला. मग म्हणाला, तुझे ओघळ येतायत, रंग कमी घे. निघताना म्हणाला, काढलंस त्याचा राग नव्हता, कोच काढणारच. माझं नाव नाही हे मला एका नव्या पोराने वाचून दाखवलं, त्याचा होता.

आता यादी लावत नाही. जो खेळणार नाही त्याला स्वतः जाऊन सांगतो. ताई, सात-आठ जणांना सांगायचं म्हणजे अख्खी संध्याकाळ जाते. एकाने तोंडावर दार आपटलं, एक रडला. पण पळतात गं. पहिल्या चारांतल्या दोन जिंकलो, एक बरोबरी. हरलो तीही मॅच शेवटपर्यंत पळाले.

लोभ होता तसा असू दे, ओघळ न येता.

तुझा धाकटा

—

५ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बघतेय. शेवटच्या मॅचला बरोबरी झाली तरी तुम्ही वाचता, हे डॉक्टरने समजावलं. एवढं मला कळत होतं, पण त्याला समजावायची हौस.

एक विचारते. तुझा कप्तान परवा डाव्या पायाने जिना उतरल्यासारखा पळत होता. गुडघा सुजलाय ना? मग त्याला खेळवतोस का? फाटक रंगवलं म्हणून? वाईट वाटतंय म्हणून खेळवायचं, ही त्याची चेष्टा आहे आणि बाकी दहा जणांचीही. काय करायचं ते तू ठरव, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

माया आहे, म्हणूनच टोचून लिहिते.

ताई

—

१७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचलो! एक-एक. तू बघितलंच असशील, पण काय बघितलंस ते सांगतो.

शुक्रवारी पुन्हा त्याच्या घरी गेलो. उद्या तू नाहीस, गुडघा चालत नाही, असं दारातच सांगितलं. या वेळी तो गप्प बसला नाही. शेजारी खिडक्या उघडतील इतका ओरडला. तुला दुसऱ्यांदाही माणूस ओळखता आला नाही म्हणाला, तू भित्रा आहेस म्हणाला, याहून वाईटही म्हणाला, ते तुला लिहीत नाही. मी ऐकून घेतलं आणि वळलो. फाटकापर्यंत आलो तर त्याने मागून हाक मारली. म्हणाला, त्यांचा डावीकडचा पोरगा बाहेर पळाल्यासारखं करतो आणि ऐनवेळी आत वळून उजव्या पायाने मारतो. मी त्याच्याशी दोनदा खेळलोय. त्याच्यावर तुझा वेगवाला लावू नकोस, तो फसेल. त्या हडकुळ्या पोराला लाव. तो हळू आहे, पण फसत नाही. आणि दार लावून घेतलं.

मी वेगवाल्यालाच लावणार होतो ताई. सबंध संध्याकाळ विचार केला आणि हडकुळ्याला लावला. शेवटच्या मिनिटाला तो पोरगा बाहेर निघाला, आत वळला, मारला, आणि हडकुळा तिथे उभाच होता. चेंडू त्याच्या छातीवर आपटला. अजून वळ आहे.

डिसेंबरात कागद लावला तेव्हाही त्याला अशा दहा गोष्टी ठाऊक असतील. कागदाला कोण सांगणार?

सगळे मैदानात धावले. तो आला नाही. माझ्याशी अजून बोलत नाही. काल पहिल्या लीगमधल्या एका क्लबाचा फोन आला, येता का म्हणून. मी इथेच राहतोय. तू काय म्हणशील?

लोभ वाढला असेल तर कळव.

तुझा धाकटा

—

२२ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

राहतोयस हे ठरवून मग मला विचारतोस, हे आवडलं.

तुझ्या त्या मोठ्या क्लबात तुझ्याभोवती सहा मदतनीस होते. सगळे मान हलवायचे. नववी मॅच हरलास तेव्हाही हलवत होते, मी टीव्हीवर बघितलंय. हा एकटा माणूस तुला भित्रा म्हणाला आणि तरी कामाचं सांगून गेला. त्याचे पाय संपलेत, डोकं नाही. अशा माणसाला घरी फाटकं रंगवायला ठेवतोस? त्याला हाताखाली घे. फोनवर विचारू नकोस.

डॉक्टर आता तुझ्या टीमबद्दल मला विचारायला येतो. मी त्याला सांगितलं, आधी माझी दाढ बघ.

माया वाढली. चढून जाऊ नकोस.

ताई

—

१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोनच ओळी, सरावाला निघालोय. विचारलं. तो म्हणाला, मी तुला चूक म्हटलं तर ऐकणार का? मी म्हटलं, अर्धं ऐकेन. तो म्हणाला, मग अर्धा दिवस येईन.

काल संध्याकाळी सहा वाजता मी घरी निघालो, तरी तो हडकुळ्यावर ओरडत होता.

लोभ इकडेही पुष्कळ आहे.

तुझा धाकटा