बाहीची बटणं

नवागाम, सुरत

इंदूताई,

उसाच्या पातीनं तुझे हात चिरतात म्हणून माझा जुना फुल बाहीचा शर्ट मीच तुला बारडोलीला दिला. परवा तुमच्या ऊसवाल्या शेठच्या गोठ्यात तू कुट्टी मशीनमध्ये उसाचं वाढं सारत होतीस, तेव्हा तीच बाही पात्यात गेली आणि तिच्यामागं तुझा हात कोपरापर्यंत कुटला गेला.

फोन आला तसा मी लूम सोडून आलो. हिरव्या चाऱ्यात तुझं मांस होतं. काम लवकर उरकावं म्हणून मशीनचं झाकण शेठनंच काढून ठेवलेलं. मी त्याला गव्हाणीवर आपटला. दात पडले, तो "बस करो, भाई" म्हणत पाया पडला, तरी थांबलो नाही. तुमची सगळी ऊसतोड टोळी म्हणते, भाऊ असावा तर उखासारखा.

काल दवाखान्यात तू म्हणालीस, "तुझा शर्ट वाया गेला रे."

ताई, मशीनच्या पट्ट्याजवळ सैल बाही घालू नये, हे लूमवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात. तरी शर्ट देण्याआधी मनगटाची दोन्ही बटणं मी तोडून घेतली. ती माझ्या नव्या शर्टाला लावली. शेठला मारताना तोच शर्ट माझ्या अंगात होता.

हे पत्र त्याच शर्टाच्या खिशात राहील.

उखा