कोशोक नको, आपा

प्रिय आपा,

पत्र बघून छातीवर हात मारून घेऊ नकोस. मी धडधाकट आहे. म्हणजे कमरेच्या वर धडधाकट आहे, आणि जीभ तर पहिल्यापेक्षा तिखट झालीय असं इथल्या नर्सेसचं म्हणणं आहे. फोन हाताशी असताना हिला कागद खरडायचं खूळ कुठून आलं, असं तू झेनिशला विचारशील. तर फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू हुंदका देतेस, मी ओरडते, आणि तुझा लेक, माझा तो भित्रा भाऊ झेनिश, मध्येच 'रेंज गेली' म्हणून फोन काढून घेतो. कागदावर तुला रडता येईल पण मला ऐकू येणार नाही, हे बरं. आणि मुख्य बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटचं पान आधी वाचायला नको. ऑपरेशनला मी हो म्हटलंय. येत्या गुरुवारी सकाळी. डॉक्टर सादिरोव तोंडावर बोलणारा माणूस आहे. म्हणाला, पाठीतली दबलेली नस मोकळी झाली तर चालशील, नाही झाली तर आत्ता आहे तेवढंही जाईल, मी काही देव नाही. मी म्हटलं, ते एक बरं झालं डॉक्टर, देवाशी माझं वेगळं बोलणं चालू आहे. तो हसला नाही. त्याला हसू येतच नाही, पण हात फार चांगला आहे म्हणतात.

तू मागे इथे आलीस त्या दिवसाबद्दल आपण दोघी बोललोच नाही. डोलोनच्या घाटात बर्फावरून आमची गाडी घसरली, तुर्सुनाय काकू जागच्या जागी गेल्या आणि मी वाचले. तू आधी त्यांच्याकडे गेलीस. जाणारच. मुल्लानं कितीही नाक मुरडलं, 'ती ख्रिस्ती झालेली बाई कशाला' म्हणून कितीही बडबड केली, तरी खोऱ्यात कुणी गेलं की बायका तुझ्याच दारात येतात. तुझ्यासारखा कोशोक, मयतीचा तो विलाप, कुणाला गाता येत नाही. मेलेल्याचा चांगुलपणा तू असा उभा करतेस की ज्या सुनेनं सासूला आयुष्यभर छळलं तीसुद्धा ऊर बडवते. तुर्सुनाय काकूंसाठी रडून, त्यांच्या मयतीच्या तंबूतून उठून, तू तशीच गाडीत बसलीस आणि माझ्या खाटेपाशी आलीस. काळी शालसुद्धा बदलली नव्हतीस. प्रार्थना करते म्हणालीस. मी डोळे मिटले.

आणि आपा, तू भिंतीकडे तोंड केलंस, दोन्ही हात कमरेवर ठेवलेस आणि डुलत डुलत सुरू केलंस. नाव प्रभू येशूचं, चाल मात्र तीच, कोशोकची. माझे केस, माझी घोड्यावरची मांड, मी तळलेले बोरसोक, सगळं एकामागून एक बाहेर पडत होतं. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या, डोक्यावरच्या रुमालानं डोळे पुसायला लागल्या. फरशी पुसणारी बाई बादली ठेवून आत आली आणि दबक्या आवाजात विचारते कशी, "कोण गेलं हो?" कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, तिनं किंकाळी फोडली. आज हे लिहिताना माझं पोट दुखेपर्यंत हसून होतंय. त्या दिवशी नाही हसले. मी अजून मेले नाहीये, असं ओरडले. तुझी प्रार्थना नको मला, जा, असं ओरडले. तू सुक्या दह्याच्या कुरुतची पिशवी उशाशी ठेवलीस आणि गेलीस. दारातून वळूनही बघितलं नाहीस.

मग मी माझी प्रार्थना करायला बसले. आता ऐकून रागावू नकोस. माझ्याही तोंडातून तेच निघालं, तीच चाल. प्रभू, मी किती पळायचे, प्रभू, माझे पाय कसे होते. मनातल्या मनात मी स्वतःचाच कोशोक गात होते! मग लक्षात आलं की आपल्या अख्ख्या मंडळीचंच हे झालंय. गावात पहिला बाप्तिस्मा तुझा. कुबान पाळक नंतर आले. आम्हाला सगळ्यांना प्रार्थना करायला शिकवलंस तूच, आणि तुला तर एकच चाल येत होती. रविवारी वर्तुळात बसलो की पहिलीच बाई असा उसासा टाकते की शेवटची येईपर्यंत घरात मयत झाल्यासारखं वाटतं. गाईला ताप आला तरी आपण त्या गाईला पुरूनच घरी येतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर उमसुन एने होत्या. तलासच्या आजीबाई, खुब्याचं हाड मोडलेल्या, तोंडात दात चार आणि टोमणे चारशे. पाच वेळा नमाज, तोही पडल्या पडल्या. त्या प्रत्येक गोष्टीला आशीर्वाद द्यायच्या. इस्पितळाची ती पाणचट पेज आली की दोन्ही तळवे उघडून म्हणायच्या, "शिजवणारीच्या घरात धान्य सरू नये, खाणारीच्या पोटात ताकद यावी, आणि उद्या यात थोडं मीठ पडावं, ओमीन!" तोंडावरून हात फिरवायच्या आणि चापून खायच्या. सुई टोचणाऱ्या नर्सला आशीर्वाद, सुईला आशीर्वाद, माझ्या पायांना तर दिवसातून किती वेळा. मी डोळे मिटून पुटपुटत असले की त्या बघत राहायच्या. एक दिवस न राहवून म्हणाल्या, "काय गं पोरी, देवाकडे मागायला जातेस की त्याच्या घरी दुखवट्याला? असं तोंड करून माझ्या दारात कुणी आलं तर मीच विचारीन, तुमच्याकडे कोण वारलं?"

मला असा राग आला म्हणून सांगू! आमच्या प्रार्थनेतलं यांना काय कळतं, असं मनात म्हटलं. पण आपा, त्यांना कळलं होतं. मी मागत नव्हतेच. देव काही देणार नाही हे मनाशी धरून मी त्याच्यासमोर रडायला बसायचे. त्यालाच जणू समजवायचे, की जाऊ दे प्रभू, तुझ्यानं होण्यासारखं नव्हतं. हा कसला विश्वास? मग मला लाजरची गोष्ट आठवली, तूच आम्हाला चुलीपाशी सांगितलेली. कबरीपाशी प्रभू रडला. खरोखर रडला, तुझ्यासारखाच. ते रडणं मला कधीच खोटं वाटलं नाही. पण मग दगड बाजूला केला, आत मेलेला माणूस, वास सुटलेला, आणि यानं वर पाहून बापाचे आभार मानले! लाजर अजून आतच होता गं. आपण रडण्यापर्यंत शिकलो आणि तिथेच बसलो. पुढचं शिकायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी उमसुन एनेंना ताप होता. पेज आली तेव्हा त्या म्हणाल्या, आज तू दे आशीर्वाद. मी म्हटलं, मी येशूच्या नावानं देईन. त्या म्हणाल्या, "नावाचं तुझं तू बघ, पेज निवतेय." मी तळवे उघडले. डोळे उघडेच ठेवले, भिंतीकडे नाही, खिडकीकडे तोंड. बापा, या खुब्याबद्दल तुझे आभार, या पायांबद्दल आभार, तू यांना विसरला नाहीस, यांना उभं कर, येशूच्या नावात. बस, एवढंच. आवाज चिरका आला आणि मधेच अडले. पण त्या दिवसापासून रोज सकाळी मी माझ्या निर्जीव अंगठ्याचे आभार मानते. पहिले काही आठवडे अंगठा ढिम्म. मला वेड्यासारखं वाटायचं. तरी मानले. एकदा नर्सच्या हातून चहा सांडला तो डाव्या पावलावर. चटका बसला. आपा, चटका बसला! मी इतक्या जोरात आनंदानं ओरडले की ती बिचारी माफी मागत बसली आणि मी तिचे हात धरून म्हणतेय, अजून सांड गं, अजून सांड. त्यावरूनच सादिरोव म्हणाला की नस जिवंत आहे, प्रयत्न करण्यात अर्थ आहे.

आता तू विचारशील, मग त्या उमसुन एने चालायला लागल्या का? नाही लागल्या. खुब्याची जखम चिघळली. त्यांना स्ट्रेचरवरून घरी नेलं. मी देवावर रुसले, खूप रुसले, एक दिवस पेजही खाल्ली नाही. संध्याकाळ होता होता पुन्हा ती जुनी चाल गळ्याशी आली होती. पण जाताना त्या स्ट्रेचरवरून काय करत होत्या सांगू? दाराला आशीर्वाद देत होत्या, इथून आत येणारा प्रत्येक जण पायांनी बाहेर जावो म्हणून. मी ती चाल गिळून टाकली. गुरुवारी काय होईल मला ठाऊक नाही. रात्री नर्सला दर तासाला किती वाजले विचारते, खोटं कशाला बोलू. पण मी मागणार आहे. स्वच्छ, मोठ्यानं, माझ्या बापाकडे मागावं तसं. त्यानं काय द्यायचं ते तो बघेल. माझे तळवे मी मिटणार नाही. खुर्चीत बसून घरी आले तर खुर्चीतून तुला दमात घेईन आणि आपल्या मंडळीला ही नवी चाल शिकवीन.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. झेनिशनं मला सगळं सांगितलंय. माझ्या ओरडण्यानंतर तू मंडळीत तोंड उघडत नाहीस. वर्तुळात तुझी पाळी आली की मान हलवतेस आणि पुढचीला खूण करतेस. परवा शेजारच्या गावातून मयतीला बोलवायला आले तर तू त्यांनाही परत पाठवलंस, माझ्या गळ्यात आता मरणच राहिलंय म्हणालीस. हे मला चालणार नाही, आपा. मी चाल नको म्हटलं होतं, गळा नको कधी म्हटलं? झेनिशला बुधवारी गाडी काढायला सांगितलीय, घाट मोकळा आहे. काळी शाल घरी ठेव, पांढरा रुमाल बांध. तुला आशीर्वाद देता येत नाही, ते म्हाताऱ्यांचं काम, असली कारणं मला सांगू नकोस, मलाही येत नव्हतं. मला आत नेतील तेव्हा माझ्या खाटेपाशी उभी राहा, भिंतीकडे पाठ कर, माझ्याकडे बघ आणि मोठ्यानं माग. अडखळलीस तर अडखळ. साऱ्या खोऱ्यानं आजवर तुझा आवाज मेलेल्यांसाठी मागून नेला. मी जिवंत आहे, आपा, आणि तो मला हवाय.

तुझीच, तोंडाळ पण तुझीच,
झिपार