मला एकट्याला कितीसं लागतं!

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आजपासून स्वतःचं स्वतः शिजवायचं. बायको गेली त्याला चार महिने झाले. इतके दिवस ब्रेडवर काढले, पण ते केवळ नियोजनाअभावी. एकतीस वर्षं पुलांची तपासणी केली. भात म्हणजे काय, तांदूळ आणि पाणी. पंधरा दिवसांत हातखंडा.
मुलीचा फोन. हट्ट सोडा, माझ्याकडे या, मागची खोली तुमच्यासाठी रंगवून ठेवलीय म्हणाली. ठणकावलं, मला एकट्याला कितीसं लागतं! आणखी एकदा म्हणाली असती तर विचार केला असता. नाही म्हणाली.

दुपारी १.
भात जमला. म्हणजे गोळा जमला. वाढायचा डाव चालेना, स्क्रू-ड्रायव्हर घेतला. उद्या पाणी वाढवणे.

४ मार्च, मंगळवार.
पाणी वाढवलं. भात प्यायलो.
मीठ सापडेना. हिच्या डब्यांवर नावंच नाहीत. तिला लागत नव्हती. पांढऱ्या पुडीचे चार डबे. एकेक जिभेवर घेतला. साखर, मैदा, धुण्याचा सोडा. चौथ्याला हिंमत झाली नाही. मग ओट्यापाशी खाली थोडा वेळ नुसताच बसलो. गुडघ्याला आराम हवा होता.
मुलीला फोनवर सांगितलं, बटाट्याची भाजी फर्मास झाली. बटाटे घरात आहेत, त्यामुळे अगदीच खोटं नाही.

६ मार्च, गुरुवार.
काल नोंद नाही. बोटाला पट्टी.
आज धूर बघून शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. काय जळतंय म्हणाल्या. म्हटलं, खरपूस करतोय. त्यांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली. काका, आमच्याकडे जेवायला या म्हणाल्या. जेवण झालंय म्हटलं. दात उपटणाऱ्यांना धीर म्हणून नसतो. बाई गेल्यावर ब्रेड.
मुलीला भाज्यांच्या सूपचं वर्णन ऐकवलं. इतकं रंगलं की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. रविवारी जेवायलाच येते म्हणाली. म्हटलं, ये की!

९ मार्च, रविवार. सकाळी ११.
सूपमध्ये भाज्या एकीकडे, पाणी एकीकडे. बोलणं बंद असल्यासारखं.
कोपऱ्यावरच्या खानावळीतून सूप आणि भाजी आणली, आपल्या पातेल्यांत ओतली. ही फसवणूक नव्हे. पूल खचला की शेजारी तात्पुरता टाकतातच.

दुपारी ३.
मुलीने दोनदा वाढून घेतलं. मध्येच डोळे पुसले. म्हणाली, “बाबा, आईची आठवण आली हो. आणि जीव भांड्यात पडला माझा.” परदेशातली नोकरी चालून आली होती, तीन वर्षांची. तुमचे खायचे हाल होतील म्हणून ‘नाही’ कळवणार होते, आता ‘हो’ कळवते म्हणाली. मागच्या खोलीत भाडेकरू ठेवते.
खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. वाढलं.
म्हटलं, “जा, बिनघोर जा.” आवाज ठणठणीत निघाला. अभिमान वाटला.

३० मार्च, रविवार. सकाळी ९.
मुलगी काल पोचली. आत्ता फोन आला. घर छोटं आहे, ओटा खिडकीपाशी, ओळखीचं कुणी नाही. रडवेली वाटली. आईने मला कधी चुलीपाशी फिरकू दिलं नाही, तिकडे स्वयंपाकाच्या बाईंवर निभावलं, साधा चहा धड येत नाही म्हणाली. “पण तुम्ही आहात ना, बाबा! रोज एक पदार्थ फोनवर शिकवा. आज सूपच करू या. मी पातेलं घेऊन उभी राहते, तुम्ही तासाभराने फोन करा.”
हो म्हणालो.

सकाळी ९.४०.
कागद घेतला. वर ठळक अक्षरांत ‘सूप’ लिहिलं. खाली रेघ मारली.
प्रथम कांदा चिरून घ्यावा.
नंतर