नाव कोरलेला डबा

गोल बाजार, रायपूर

मोनाली बेटा,

काल दुकानात बसून तुझी आई फोनवर तुला म्हणाली, "क्रोएशियात छोटं जहाज नको, बसची टूर पाहा. मले पाण्याची भीती वाटते." मी गिऱ्हाईकाशी बोलत होतो, पण कान तिकडेच. पोरी, ती माझ्यासाठी खोटं बोलून राहिली. ती तर तलावात पोहत वाढली. भीती मला वाटते, आणि चाळीस वर्षं तिनं ती कोणाला कळू दिली नाही.

आज मी क्रोएशियाच्या जहाजाची तिकिटं काढली, आणि चिवड्याच्या नव्या डब्यावर 'कलावती, क्रोएशिया' कोरलं. नाव कोरलेलं भांडं आपल्या दुकानात परत घेत नाही, हे तिला ठाऊक आहे.

हे पत्र पाठवत नाही. माझी भीती अजून गेली नाही, हे तू आईला सांगशील अन् ती जाणंच रद्द करेल. जहाजावरच्या फोटोत मी तिचा हात घट्ट धरलेला दिसलो, तर तू प्रेमच समज.

तुझा भांडेवाला बाबा