पहिली ओळ कोरी

३ सप्टेंबर १९८४, सांत्र द फ्लाक
पोहोचलो एकदाचा! पोर्ट लुईच्या बसने हाडं खिळखिळी केली, पण स्टँडवर गरम गातो-पिमां, म्हणजे आपले डाळवडेच, मिळाले आणि जिवात जीव आला. साखर कारखान्यातला जुना पंचकार्डांचा संगणक भंगारात निघालाय. त्याचे प्रोग्राम नव्या यंत्राच्या भाषेत आणून चालते करायचे, हे माझं काम. ऊस पिळणाऱ्या चरकावरचे मुकादम राधाकृष्णकाका यांच्या घरी उतरलोय. काकू माझ्या एकट्याच्या ताटात दोघांचं वाढतात. चैन आहे.

७ सप्टेंबर
पाठ मोडली. प्रोग्राम नऊ-दहा वर्षांचा, लिहिणारा केव्हाच फ्रान्सला गेलेला. चरकावरच्या, काकांसकट बारा गड्यांची यादी रोज सकाळी छापणारा भाग आज उतरवला. त्यातली एक आज्ञा यादीची पहिली ओळ कोरी सोडते. का, ते कुठे लिहिलेलं नाही. उगाच कागद वाया! गाळून टाकली.

१० सप्टेंबर
नव्या यंत्राची पहिली यादी. सगळ्यात वर चंद्रमोहन. हे नाव मी भरलेलंच नाही. शेवटचा गजेंद्र मात्र गळालाय. चूक शोधायचं त्राण नव्हतं. उद्या बघू म्हटलं.

दुपारी गजेंद्र चरकात ओढला गेला. संपला.

११ सप्टेंबर
अपघातामुळे आज चरक बंद. काकांना कालची यादी दाखवली. वरच्या नावावर बोट ठेवून त्यांनी सांगितलं: चंद्रमोहन चौऱ्याहत्तरच्या हंगामात त्याच चरकात गेला. घरी पितरांचं पान काढून ठेवतात, तशी गड्यांनी यादीतली पहिली ओळ त्याच्यासाठी सोडायला लावली होती. "ती त्याची जागा हाय, बाबू," काका म्हणाले. "तू कशाला हात लावलास?"

आज्ञा परत घातली. यंत्र ऐकत नाही. जुनं तर भंगारवाल्याने तोडलंसुद्धा.

१२ सप्टेंबर
पहाटेची यादी: चंद्रमोहन. गजेंद्र. खाली दहा नावं — काका नाहीत.

हे मी केलं. घरी थांबा म्हणून काकांच्या पाया पडलो. म्हणाले, मी नाही तर दुसरा कुणी जाईल —

साडेसहा. कारखान्यात एकटाच. पाळी सातला. यंत्रात भरलेलं काकांचं नाव काढून त्या जागी माझं घातलं, सत्यदेव — पुन्हा छापतोय —

चंद्रमोहन. गजेंद्र. खाली दहा. दोनदा वाचलं. सत्यदेव कुठेच नाही.

काका सुटले. दमलो.

चरक सुरू झाला — अजून कुणी आलेलं नाही —

काकूंना म्हणावं, आजपासून एक पान माझं —