लल्लाच्या खिडकीतला चिखल

१० फेब्रुवारी, सकाळी
बिझर्ताच्या तळ्यावरून बादलीभर चिखल आणला. एक बूट तिथेच राहिला. ऑलिव्हची मोठी बरणी धुऊन तिच्यात चिखल, वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, अंड्याचा बलक, वर तळ्याचं पाणी. झाकण घट्ट. आता ती खिडकीत ठेवायची आणि बघत राहायचं. आतले जिवाणू आपापसात जागा वाटून घेतात : वर हिरवे, मध्ये जांभळे, तळाशी काळे. वरून काही घालावं लागत नाही. लागतो फक्त संयम. तो माझ्याकडे भरपूर आहे.
मे महिन्यात आमच्या शाळेच्या प्रदर्शनात बरणी मांडणार, असं मुख्याध्यापिका सलवा मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, गेल्या वर्षीच्या दुर्बिणीसारखीच का? दुर्बिणीचं स्टँड उत्तम झालं होतं, याची आठवण करून दिली.

११ फेब्रुवारी
निरीक्षण केलं. बदल नाही. जेवल्यावर परत केलं. नाही.

१३ फेब्रुवारी
झाकण जरासं उघडून वास घेतला. शास्त्रीय कारणासाठी. बायकोने, रधियाने, स्वयंपाकघरातून विचारलं, कोण मेलंय? म्हटलं, हा गंधक. म्हणाली, मग त्याला घेऊन गच्चीवर जा.

२१ फेब्रुवारी
थर दिसेनात. चिखल फार दबला असावा, म्हणून रव्याचं कुसकुस वाढायच्या डावाने एकदाच ढवळला. आता सगळं एकसारखं काळं. डाव रधियाने फेकून दिला. मॅडमना कळवलं, पहिला टप्पा पूर्ण.

४ मार्च
दुसरी बरणी. झाकणाला मेण लावलं, म्हणजे मलासुद्धा उघडता येऊ नये. स्वतःवर असा ताबा फार थोड्यांना जमतो. वाढ लवकर व्हावी म्हणून शेगडीजवळ ठेवली.

८ मार्च, दुपारी
फौजी नावाचा माझा मेव्हणा बायकोसह जेवायला आला होता. माशाचं कुसकुस वाढलं आणि बरणीचं झाकण उडालं. छतावर चिखल, फौजीच्या पांढऱ्या शर्टावर चिखल. वायू तयार झाला म्हणजे आत जीव आहेत, हे मी समजावून सांगत होतो. ऐकायला कोणी थांबलं नाही.

१६ मार्च
रधियाची आई, लल्ला झोहरा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मातरहून आली आहे. बरणीला हवा तसा उजेड नेमका तिच्याच खोलीत. तिसरी बरणी तिथे ठेवली. झाकण सैल. म्हटलं, लल्ला, हिला हात लावू नका. म्हणाली, बाबा, मी तुझ्या हातच्या चहालासुद्धा लावत नाही.

५ एप्रिल
लल्लाची पट्टी सुटली. म्हणते, बरणीत खाली जांभळा ठिपका आहे. बिचारी! ऑपरेशननंतर असे भास होत असावेत. सकाळी तिला माझं टक्कलही दिसलं. भिंतींचा रंग कुणी निवडला, असंही विचारत होती. मी नीट पाहिलं. नुसता चिखल. म्हणाली, चष्मा लाव रे.

६ एप्रिल
चष्मा लावला. ठिपका आहे. अंदाज होताच.

१२ एप्रिल
लल्ला आंघोळीला गेली तेव्हा आत शिरलो. फक्त अर्धा बलक द्यायचा होता, पोषण म्हणून. झाकणाला बोट लागतं तोच मागून चप्पल. ओरडली, रधिया, तुझा नवरा परत कडमडला बघ! आता मला दारातूनच निरीक्षणाची परवानगी आहे. हरकत नाही. खरा शास्त्रज्ञ अंतर राखूनच असतो.

२७ एप्रिल
जांभळा पट्टा झाला. त्याच्यावर तांबूस, वर हिरवा. शेजारणी बघायला येतात. लल्ला त्यांना चहा पाजते आणि सांगते, हा माझ्या लग्नातल्या कफ्तानचा रंग, अगदी हाच. इतक्या वर्षांनी धड दिसला. मग तिने डोळे पुसले. औषधाने पाणी येत असेल. मलाही आलं. मी तर औषध घालत नाही.

१६ मे
प्रदर्शन. बरणीसमोर गर्दी. ‘संशोधन : हेदी घर्सल्ली’ अशी माझ्या नावाची पाटी लावली होती. पाहुण्यांनी विचारलं, कसं साधलं? मी घसा साफ केला. तेवढ्यात डोक्यापासून पांढरी सफसारी पांघरलेली लल्ला म्हणाली, ह्याला हात लावू दिला नाही, बास. सगळे हसले. रधिया सगळ्यांत जास्त. मॅडमनी लल्लाला खुर्ची दिली आणि फोटो काढला. फोटोत माझा कान आहे.

२४ मे
लल्ला मातरला परतली. बरणी मांडीवर घेऊन. म्हटलं, अहो, ती माझी आहे. म्हणाली, तुझीच आहे रे, म्हणून तर नेते.

२ जून, संध्याकाळी
लल्लाचा फोन. बरणीत वर पाणी कमी झालंय, आता काय करायचं? बरं वाटलं. अखेर गरज शास्त्राचीच पडते. बसून घेतलं आणि बाष्पीभवनापासून सुरुवात केली. म्हणाली, तुला नाही विचारत. फोन रधियाकडे दे.
दिला.