आईच्या मनगटाची उंची

ती. ताईस,

सिमेंटने भरलेल्या हातांचा साष्टांग नमस्कार. हात दोनदा धुतले आहेत, तरी कागदावर बोटं उमटली तर धाकट्या भावाची म्हणून पोटात घाल. तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? ते अजून जिना उलटे उतरतात का? (माझ्या कमरेने गेल्या आठवड्यापासून त्यांच्या गुडघ्याशी सोयरीक जुळवली आहे, तेव्हा ते कोणतं तेल लावतात ते कळव.) आई तुझ्याकडे मजेत आहे हे रोज फोनवर कळतंच. खुब्याचं हाड मोडलेलं माणूस इतक्या खणखणीत आवाजात आपल्या मुलाच्या चुका काढू शकतं, म्हणजे डॉक्टरांनी हाड चांगलंच बसवलेलं दिसतंय.

फोन असताना पत्राचा उपद्व्याप कशाला, असं तू म्हणशील. तर तुझा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो आणि आई कायम त्या आवाजाच्या टप्प्यात असते. मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर जाऊन चालणार नाही, म्हणून हे भाऊजींच्या ऑफिसच्या पत्त्यावर कुरियरने धाडतोय. पत्राचं खरं कारण शेवटी सांगेन. आधी मला थोडं रडून घेऊ दे, कारण इथे ऐकून घ्यायला कोणी उरलेलं नाही.

मी आपली बाथरूम फोडली आहे. त्या चार बाय सहाच्या खोलीचं वर्णन तुला काय करायचं? साबण खाली पडला तर उचलायला आधी बाहेर यावं लागतं, अशी ती खोली. आणि तो वीतभर उंच उंबरठा, ज्याची आपल्या प्रत्येकाच्या अंगठ्याशी जुनी ओळख आहे. आई त्यावरच पडली. डॉक्टरांनी घरी सोडताना चार गोष्टी सांगितल्या होत्या. उंबरठा नको, गुळगुळीत फरशी नको, भिंतीला धरायला भक्कम दांडी हवी आणि दाराला आतून कडी नको. पहिल्या तिन्हीला मी मान डोलावली. चौथीला डोलावली नाही, कारण त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट मी तुला सांगितलेली नाही. सिस्टर आईचं अंग पुसायला आल्या होत्या. त्या होत्या तोवर आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या गेल्यावर मला म्हणाली, "घरी माझी अंघोळ मी करणार. दार लावून. ते जमायचं नसेल तर मला घरी नेऊ नका." रागाने म्हणाली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ती मागितल्यासारखी म्हणाली. आईला काही मागताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं, आणि मला ते अजिबात सहन झालं नाही.

हे तिच्यापासून लपवायचं का, तर तिला कळलं की काम बंद. तुला आठवत असेल, स्वयंपाकघराचा ओटा वाढवायला माणूस आला होता आणि तिने त्याला चहा पाजून, त्याच्या मुलांची चौकशी करून, अर्ध्या ओट्यावर परत पाठवला होता. ("माझं काही अडलेलं नाही" हे वाक्य आईने आजवर जितक्या वेळा म्हटलं असेल, तितक्या वेळा तिचं काही ना काही अडलेलं होतं.) म्हणून ती तुझ्याकडे असतानाच सगळं उरकायचं असं मी ठरवलं. ती येणार रविवारी. आज मंगळवार. काम सुरू होऊन अकरा दिवस झाले. सात दिवसांचं काम होतं.

गवंडी ओळखीतले आहेत. घरात त्यांना सगळे होईलराव म्हणतात. सात दिवसांत होईल का? होईल. उंबरठा काढून पाणी बाहेर येणार नाही असं होईल का? होईल. मनाने सोन्यासारखा माणूस आणि हातात कसब इतकं की फरशीवर हात फिरवून सांध्यातला दोऱ्याएवढा फरक सांगतात. फक्त कॅलेंडर या वस्तूशी त्यांचं जन्मात पटलेलं नाही. त्यातून आपली खोली अशी की आत एकाच वेळी एकच कारागीर मावतो. प्लंबर आत असले की होईलराव बाहेर चहा पितात, होईलराव आत असले की प्लंबर पितात, आणि दोघेही बाहेर असले की दोघेही पितात. तुझ्या भावजयीने आता चहाचं पातेलं गॅसवरून उतरवणंच सोडून दिलंय.

न घसरणारी फरशी आणायला मी आणि तुझी भाची गेलो होतो. दुकानदाराने एक टाइल जमिनीवर ठेवली, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि मला म्हणाला, उभे राहा, बिनधास्त राहा. मी राहिलो. मी टाइलवरून घसरलो नाही, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. टाइल माझ्यासकट दुकानाच्या गुळगुळीत फरशीवरून घसरली आणि आम्ही दोघं वॉशबेसिनच्या रांगेत जाऊन थांबलो. (कमरेचं कारण हेच. भाऊजींना मात्र मी पोतं उचलल्यामुळे असं सांग.) दुकानदार धावत येऊन म्हणाला, बघा, पाय टाइलवरून हलला नाही. तेही खरंच होतं, म्हणून आम्ही तीच घेतली, जमिनीला आणि भिंतीलाही. नेमक्या लागतील तेवढ्याच शिल्लक होत्या, एकही जास्तीची नाही. हे ध्यानात ठेव, पुढे घोडं इथेच अडणार आहे.

अंघोळीला आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जातो. काकू फार प्रेमळ, पण शिस्तीच्या. माझी वेळ संध्याकाळी सात दहा ते सात वीस. सात एकोणिसाला त्या दाराबाहेर बांगड्या वाजवतात. बाबांचा स्वाभिमान तुला माहीत आहे. दुसऱ्याचं पाणी वापरायचं नाही म्हणून ते खालून भरलेली बादली घेऊन जिना चढतात, आणि वर पोचेपर्यंत ती अर्धी होते म्हणून उरलेल्या अर्ध्यात अंघोळ करतात. जिना पुसायचं काम माझ्याकडे आहे. तिकडे आईला फोनवर ठोकाठोकी ऐकू आली, तेव्हा शेजारी काम चाललंय असं मी ठोकून दिलं. कुठल्या शेजारी, असं तिने विचारलं. डावीकडे, म्हणालो. डावीकडे तर जिना आहे, असं ती म्हणाली. मग मला जिन्याचं काम काढावं लागलं. आता ती रोज जिन्याची चौकशी करते आणि मी रोज दोन पायऱ्या पूर्ण करतो.

आता बाबांचं. निवृत्त झाल्यापासून त्यांना पहिल्यांदाच देखरेख करायला कोणीतरी मिळालं होतं, त्यामुळे पहिले सहा दिवस ते दारात उभे राहून होईलरावांना फरशीच्या उताराविषयी सांगत होते. होईलराव होईल म्हणत होते. सातव्या दिवशी फरशी बसली. बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी कुठून तरी काचेच्या चार गोट्या पैदा केल्या, चारही कोपऱ्यांत एकेक ठेवली आणि सोडली. ताई, काय सांगू, काय सुंदर उतार निघाला. चारही गोट्या न अडखळता, रांगेने, पाणी जायच्या भोकाकडे गेल्या आणि भोकावर जाळी अजून बसायची होती म्हणून आत गेल्या. पाइपाच्या वळणात जाऊन बसल्या. उतार बरोबर असल्याचा पुरावा हाती नव्हता, पण पाणी तुंबल्यावर सगळ्यांनाच पटला. प्लंबरनी तार घातली, फुंकणी घातली, शेवटी आपला हात घातला आणि तोही थोडा वेळ अडकवून घेतला. तीन दिवस गेले. एक फरशी उचकटावी लागली. ती होईलरावांनी तान्ह्या बाळासारखी अलगद काढली आणि परत बसवली, तडा न जाऊ देता. ते एका शब्दाने बाबांना बोलले नाहीत. मी बोललो. लहान मुलासारखं काय करता, असं म्हणालो. तेव्हापासून बाबा दिवसभर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसतात आणि घरात कोणाशीही बोलत नाहीत. मलाही वाईट वाटतंय, पण माफी मागायला गेलो की ते पान उलटतात.

आणि काल दांडी बसवायची वेळ आली. आईला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावून ठेवलं होतं की सरळ उभं राहून हात सैल सोडला की मनगट जिथे येतं, बरोबर तिथे दांडी हवी. उंच झाली तर खांदा ओढला जातो. खाली झाली तर माणूस वाकतं, आणि वाकलं की तोल गेला. होईलरावांनी ड्रिल हातात घेतलं, टाइलकडे पाहिलं आणि विचारलं, आजींचं मनगट कुठे येतं? दुसरी टाइल नाही, भोक एकदाच पडणार.

मी तत्काळ पुढे झालो आणि भिंतीवर बोट ठेवलं. होईलराव बोटाकडे बघत राहिले. मग अदबीने म्हणाले, "साहेब, आजी एवढ्या उंच असतील तर दांडी कशाला, छतालाच हात टेकतील." तुझी भावजय म्हणाली, बरंच खाली. तुझी भाची म्हणाली, त्याहून खाली, आजी माझ्या खांद्यालाही लागत नाही. भिंतीवर तीन खुणा झाल्या आणि तिन्हींमध्ये मिळून हातभर अंतर. आईने बाथरूममधला आरसा स्वतःच्या उंचीला लावला होता, त्यावरून काढू म्हटलं, तर त्याचा खिळा गिलाव्यासकट गेलेला. (या आरशासमोर मी, बाबा आणि भाऊजी कायम गुडघे वाकवून दाढी करत आलो. तो जरा वर लाव असं कोणी तिला म्हटलं नाही, आणि तो तिच्या उंचीला आहे हेही कोणाच्या डोक्यात आलं नाही.) मी माझ्या खुणेसमोर उभा राहिलो तेव्हा मला कळलं की मी आईला खालून वर बघून मोजत होतो. शाळेत जाताना तिचा हात धरायला जितका हात वर करावा लागायचा, तेवढी उंची मी अजून धरून बसलो होतो. ती इतकी लहानखुरी कधी झाली ते मी बघितलंच नाही. मला तिथेच, सगळ्यांसमोर रडू आलं. होईलरावांनी ड्रिल खाली ठेवलं आणि म्हणाले, आज राहू दे, उद्या होईल.

बाकी इकडे सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, मुलांना माझा पापा. आईला काही सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तुझ्याकडे मागणं एवढंच, की आईला मोजून दे. ती चपला घालून उभी असताना, जमिनीपासून मनगटापर्यंत. टेप बघून तिला संशय येईल, म्हणून तिच्यासाठी गाऊन शिवायला टाकतेस असं सांग. ती माझं काही अडलेलं नाही म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आणखी एक ता. क. आकडा फोनवर उघड सांगू नकोस. गाडीची वेळ म्हणून सांग. दोन फूट आठ इंच असेल तर दोन वाजून आठ मिनिटांची गाडी आहे असं म्हण. मी समजेन.

चि. ताईस अनेक आशीर्वाद. खालील मजकूर तुझ्या वडिलांचा. धाकटा पाकिटावर पत्ता घालायला मला देऊन वर अंघोळीला गेला आहे. पाकीट उघडं होतं, म्हणून वाचलं. मोजायची गरज नाही. दोन फूट सहा इंच, चपलेसकट. रस्ता ओलांडताना तुझी आई इतकी वर्षं माझा हात धरते, तिची पकड कुठे येते हे मला ठाऊक आहे. काल मला कोणी विचारलं नाही. आज सकाळी सगळे बाहेर गेले असताना मी भिंतीला उभा राहिलो, हात सोडला आणि तिची पकड येते तिथे पेन्सिलीने खूण केली. होईलरावांनी दांडी बसवली. मी सगळा भार टाकून पाहिली, हलत नाही. घरातल्यांना अजून सांगितलेलं नाही, पाहतील तेव्हा पाहतील.

तेव्हा या पत्राची आता गरज उरलेली नाही, पण मुलाने मन लावून लिहिलं आहे म्हणून पाठवतो. तुझ्या आईला वाचून दाखव. तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे, मीच सांगितलं. धाकट्याने इतक्या हौसेने काढलेलं काम, करू दे, असं ती म्हणाली. रविवारी दारात आल्यावर तिने चकित व्हायचं असं आमचं ठरलं आहे. जिन्याच्या पायऱ्या एव्हाना वीस झाल्या असतील, आता त्याला त्यातून मोकळं करावं असं तिला सांग.

कडी आतून ठेवली आहे. डॉक्टरांना मी बघून घेईन. ती आत असेल तोवर मी बाहेर खुर्ची टाकून बसणार आहे, रोज. हे शेवटचं मात्र तिला वाचून दाखवू नकोस.